परक्या यंत्रासाठी प्रोग्राम: क्रॉस-कंपायलरची कुळकथा

स्वतः ज्या संगणकावर चालतो त्याहून वेगळ्या संगणकासाठी किंवा वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी प्रोग्राम तयार करून देणारा कंपायलर म्हणजे क्रॉस-कंपायलर. लिनक्सवर विंडोजची फाइल बनवणे, लॅपटॉपवर अँड्रॉइडचे ॲप बांधणे ही आज त्याची रोजची कामे. मुळात मात्र हे तंत्र निकडीतून आले. नव्या यंत्रावर कंपायलर नसे आणि लहान यंत्रात तो मावत नसे.

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचा जन्मही असाच परक्या यंत्रावर झाला. 1969 मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन यांच्या हाती पीडीपी-7 हा छोटा संगणक आला, पण सुरुवातीचे प्रोग्राम त्यांनी त्यावर लिहिलेच नाहीत. तेथील मोठ्या जीई-635 यंत्राच्या असेंब्लरला त्यांनी मॅक्रोंची जोड दिली आणि त्यातून पीडीपी-7ला वाचता येईल अशी छिद्रांची कागदी पट्टी काढली. पट्टी उचलायची, पीडीपी-7कडे न्यायची आणि चालवून पाहायची. कर्नल, एडिटर, असेंब्लर, साधे शेल आणि फाइल पुसण्या-उतरवण्याच्या मोजक्या आज्ञा तयार होईपर्यंत हा क्रम चालला. मग युनिक्स स्वतःच्या पायावर उभी राहिली. पुढे पीडीपी-11 आला तेव्हा पीडीपी-7ने थोरल्या भावाची भूमिका घेतली: त्यावरच्या बी भाषेच्या क्रॉस-कंपायलरमुळे ‘डीसी’ हा आकडेमोडीचा प्रोग्राम नव्या यंत्रावर असेंब्लरच्याही आधी चालू लागला.

मायक्रोप्रोसेसर आल्यावर ही गरज आणखी वाढली. इंटेलच्या चिपसाठी गॅरी किल्डॉल यांनी रचलेल्या पीएल/एम भाषेचा कंपायलर फोरट्रानमध्ये लिहिलेला होता आणि तो मोठ्या संगणकावर चालत असे. 1975 मध्ये अल्टेअर या घरगुती संगणकासाठी बेसिक लिहिताना पॉल ॲलन आणि बिल गेट्स यांच्याजवळ अल्टेअरच नव्हता. ॲलन यांनी हार्वर्ड विद्यापीठाच्या पीडीपी-10 संगणकावर अल्टेअरमधील 8080 चिपची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम लिहिला आणि त्यावर बेसिक पारखले गेले. बेसिकची कागदी पट्टी घेऊन ॲलन अल्टेअर बनवणाऱ्या कंपनीकडे, अल्बुकर्कीला निघाले. ती यंत्रात चढवणारा लोडर राहून गेल्याचे विमानात त्यांच्या ध्यानात आले आणि तो त्यांनी तिथेच लिहिला. न पाहिलेल्या यंत्रावर ते बेसिक चालले, हे या तंत्राचे मोठेच यश.

प्रोसेसर एकच असला तरी ऑपरेटिंग सिस्टीम बदलली की काम अडते. लिनक्सवरील प्रोग्रामची फाइल 127 या बाइटने आणि त्यामागून ‘ई’, ‘एल’, ‘एफ’ या अक्षरांनी सुरू होते. विंडोजची सुरू होते ‘एम’ आणि ‘झेड’ने, ही मायक्रोसॉफ्टच्या मार्क झ्बिकोव्स्की यांची आद्याक्षरे. पडद्यावर एक ओळ छापायची असली तरी लिनक्सवरचा प्रोग्राम थेट कर्नलला विनंती करू शकतो, विंडोजवरच्या प्रोग्रामला मात्र सिस्टीमच्या डीएलएल फाइलींमार्फत जावे लागते. म्हणून क्रॉस-कंपायलरसोबत त्या सिस्टीमच्या हेडर फाइली, लायब्ररी आणि लिंकर हा सगळा संच लागतो. खरी मेहनत तो जुळवण्यातच असते.

रिचर्ड स्टॉलमन यांचा जीसीसी हा कंपायलर 1987 मध्ये खुला झाला. 1989 मध्ये निघालेल्या सिग्नस कंपनीने निरनिराळ्या चिपसाठी त्याची रूपे घडवून देण्याचा धंदा केला. कंपायलर कुठे बांधला, कुठे चालणार आणि कोणासाठी प्रोग्राम काढणार, असे तीन प्रश्न जीसीसीच्या जगात वेगळे धरले जातात. तिन्हींची उत्तरे वेगवेगळी असली की त्या बांधणीला ‘कॅनेडियन क्रॉस’ म्हणतात. हे नाव पडले त्या काळी कॅनडात तीन राष्ट्रीय पक्ष होते. जीसीसीने विंडोजचे प्रोग्राम बांधण्यासाठी कॉलिन पीटर्स यांनी 1998 मध्ये मिनजीडब्ल्यूची सुरुवात केली.

ऑगस्ट 2015 मधील गो भाषेच्या 1.5 आवृत्तीपासून तर दोन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बदलले की त्याच कंपायलरमधून दुसऱ्या सिस्टीमची फाइल निघते. प्रोग्रामने सी भाषेतील लायब्ररी वापरली की मात्र त्या सिस्टीमचा सी कंपायलर पुन्हा जवळ लागतोच. टॉर ब्राउझरच्या विंडोज आणि मॅकओएस आवृत्त्याही लिनक्सवरच बांधल्या जातात. बांधलेली विंडोजची फाइल लिनक्सवर जशीच्या तशी चालत नाही. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारे ‘वाइन’ वापरून ती तपासता येते, पण शेवटची चाचणी प्रत्यक्ष विंडोजवरच घ्यावी.