थडग्यावरचा चेहरा

आमच्या नगरला (आता अहिल्यानगर, पण तोंडातली सवय जात नाही) थडग्यांची वाण नाही. पाथर्डी रस्त्याच्या डोंगरावरचा 'चांदबिबीचा महाल' हा महाल नाही आणि चांदबिबीचाही नाही. तो निजामशाहीचा वजीर सलाबतखान याचा मकबरा. वर तीन मजले अष्टकोनी इमारत, कबर खाली तळघरात. मेलेल्या माणसाचा चेहरा कुठेच नाही, आणि तो असावा असं मला कधी वाटलंही नाही.

हेच डोळे घेऊन मी जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या चर्चमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियरच्या थडग्यापुढे उभा राहिलो. झेवियर 1552 साली चीनच्या किनाऱ्याजवळच्या सांचियान बेटावर वारला. त्याचा देह मलाक्कामार्गे 1554 मध्ये गोव्यात आला आणि 1622 साली त्याला संतपद मिळालं. आज तो देह चांदीच्या पेटीत आहे. ही पेटी संगमरवर आणि रंगीत दगडांच्या उंच चौथऱ्यावर ठेवली आहे. चौथऱ्याच्या चारी बाजूंना कांस्यपट असून त्यांत झेवियरच्या आयुष्यातले प्रसंग आहेत. शेवटचा प्रसंग बेटावरच्या मरणाचा.

इथे माझी एक चूक कबूल करतो. ही सगळी रचना इटलीहून आली, असं मी गाइडांच्या भरवशावर दोन-तीन व्याख्यानांत ठोकून दिलं होतं. ते चूक आहे. चौथरा फ्लॉरेन्सचा, हे खरं. टस्कनीचा ग्रँड ड्यूक कोझिमो तिसरा याने तो आपला दरबारी शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याच्याकडून करवून घेतला. झेवियरचं डोकं ज्या उशीवर टेकलेलं असे, ती उशी ड्यूकला भेट मिळाली होती, त्याची ही परतफेड. फोज्जिनी स्वतः गोव्यात आला नाही. सुटे भाग घेऊन प्लाचिदो रॅम्पोनी आला आणि 1698 मध्ये ते जोडले गेले. चांदीची पेटी मात्र त्याआधी साठ वर्षांची, 1636-37 ची, आणि ती घडवली गोव्याच्याच सोनारांनी. फोज्जिनीचं नाव गाइडांना पाठ आहे. सोनारांच्या वाट्याला 'स्थानिक कारागीर' एवढे दोनच शब्द येतात. या सोनारांना मी माझ्या व्याख्यानांतून तर साफ वगळलं होतं.

घरी येऊन फ्लॉरेन्सची जुनी थडगी पुस्तकांतून पाहू लागलो, आणि एका पानावर थांबलो. सान मिनियातो चर्चमध्ये पोर्तुगालच्या राजघराण्यातल्या एका कार्डिनलचं थडगं आहे. त्याचं नाव जाइमे. तो 1459 मध्ये फ्लॉरेन्समध्ये वारला, अवघ्या पंचविसाव्या वर्षी. ते थडगं 1461 ते 1466 या काळात अँटोनिओ रोसेल्लिनोने घडवलं. म्हणजे पोर्तुगालचा धर्मगुरू फ्लॉरेन्सच्या दगडात निजला, आणि सव्वादोनशे वर्षांनी पोर्तुगीज गोव्यातल्या एका धर्मगुरूच्या देहाखाली फ्लॉरेन्सचा दगड आला. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, पण मला हा योग सोडवत नाही.

जाइमेच्या थडग्यावर तो स्वतः निजला आहे. संगमरवरी तरुण, मिटलेले डोळे, पोटावर हात. दगडी पडदे बाजूला सारलेले, जणू आपण त्याला भेटायलाच आत आलो आहोत. पंधराव्या शतकातल्या इटलीत बिशप-कार्डिनलांच्या थडग्यांची ही रूढ रीत होती. देह आत नाहीसा होणार, म्हणून चेहरा बाहेर दगडात राखायचा.

मग फोज्जिनीने झेवियरची अशी निजलेली मूर्ती का केली नाही? त्याची घडण बरोक, काळ बदललेला, हे एक कारण झालं. माझा तर्क निराळा आहे. गोव्यात देह नाहीसा झालेलाच नव्हता. तो न कुजता राहिला या श्रद्धेनेच तर लोक येत होते. खुद्द चेहरा वर पेटीत असताना दगडी चेहऱ्याचं काय काम? शिल्पकाराच्या वाट्याला चौथरा आला.

आता शिर्डी. बाबांचा देह 1918 साली बुट्टीवाड्यात ठेवला गेला. समाधीमागची मूर्ती 1954 ची, मुंबईचे शिल्पकार बाळाजी वसंत तालीम यांनी घडवलेली. संगमरवर इटलीचा. तालमींनी बाबांच्या छायाचित्रावरून काम केलं. देह दिसत नाही, म्हणून चेहरा घडवला, इथपर्यंत रोसेल्लिनो आणि तालीम एकाच वाटेचे. पण जाइमे निजला आहे, आणि बाबा डोळे उघडे ठेवून, पायावर पाय टाकून बसले आहेत. तालमींच्या दगडात मरण आलेलंच नाही. रात्री शेजारतीनंतर या मूर्तीला शाल पांघरतात, समाधीभोवती मच्छरदाणी लावतात आणि प्यायला पाण्याचा पेला भरून ठेवतात.