किनारा राखला कोणी, मालक झाले कोण?

हवाईचा किनारा राजांनी राखला, असे सांगितले जाते. हे अर्धसत्य आहे. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंतच्या 'अहुपुआआ' या पट्ट्यात जंगल, पाण्याचे पाट, मासळी सांभाळली ती 'मकाआइनाना' या कष्टकरी रयतेने. त्याच समाजात 'काउवा' हा बहिष्कृत वर्गही होता; त्या काळाला सुवर्णयुग कसे म्हणायचे? १८४८ पासूनच्या जमीनवाटपात राजा, सरदार आणि सरकार यांचेच फावले. रयतेच्या वाट्याला एक टक्काही जमीन आली नाही. पुढे ऊसमळेवाले शिरजोर झाले.

१९९४ च्या कायद्याने किनाऱ्यावरच्या लोकांना मासेमारीचे नियम ठरवण्यात वाटा दिला. काउआई बेटावरील हाएनाचे नियम लागू व्हायला २०१५ उजाडले. परंपरेच्या गौरवाने पोट भरत नाही. जो राखतो, त्याच्या हाती कायद्याने हक्क हवा!