टिचकीला न सापडलेला दोष

12 नोव्हेंबर 2001. न्यूयॉर्क अजून 11 सप्टेंबरमधून सावरलं नव्हतं. सांतो दोमिंगोला निघालेलं अमेरिकन एअरलाइन्सचं एअरबस ए300-600 उडाल्यावर काही मिनिटांतच क्वीन्समधल्या घरांवर कोसळलं. 265 माणसं गेली. पहिला संशय अर्थातच घातपाताचा. पण शेपटीचा उभा पंख जमैका बेच्या पाण्यात सापडला, जवळपास अख्खा, आणि बोटं कार्बन फायबरकडे वळली. हा पंख कॉम्पोझिटचा होता.

तपास तीन वर्षं चालला. पुढच्या जंबोने ढवळलेल्या हवेत शिरल्यावर सहवैमानिकाने रडरचं पेडल आलटून पालटून जोरात दाबलं होतं. डिझाइनमध्ये धरलेल्या कमाल भाराच्या जवळपास दुप्पट भार आला तेव्हाच पंख उखडला. म्हणजे जितकं सोसायचं त्याहून जास्तच सोसलं होतं. वैमानिकांचं प्रशिक्षण आणि रडरची हलकी, नाजूक यंत्रणा यांच्यावरही ठपका आला. मटेरियल सुटलं.

पण गोष्ट इथे संपत नाही. मार्च 2005 मध्ये क्यूबाच्या वारादेरोहून निघालेल्या एअर ट्रान्सॅटच्या ए310 चा रडर हवेतच तुटून पडला. विमान डोलू लागलं, पण रडर गेलाय हे कॉकपिटमधल्या एकाही दिव्याने सांगितलं नाही. वैमानिकांनी विमान सुखरूप परत आणलं आणि उतरल्यावर पाहिलं, तर मागे जेमतेम चौकटच उरलेली.

या रडरमध्ये दोन पातळ कातड्यांच्या मध्ये मधाच्या पोळ्यासारखा गाभा असतो. धातूला पोचा पडतो, तडा दिसतो. इथे कातडी गाभ्यापासून सुटते आणि बाहेरचा रंग मात्र तसाच चकचकीत राहतो. मग तपासायचं कसं? आपण माठ घेताना करतो तसं, टिचकी मारून! या घटनेनंतर जगभरचे असे रडर नजरेने आणि ठोकून तपासले गेले. (कोड लिहिणाऱ्यांना ही भीती ओळखीची वाटेल: सगळ्या टेस्ट हिरव्या, पण बग असलेल्या ओळीपर्यंत एकही टेस्ट पोचलेली नाही.)

त्याच वर्षअखेरीस एका मालवाहू ए300 चा रडर दुसऱ्याच कारणाने दुरुस्तीला काढला. त्याची आतली कातडी मोठ्या भागात सुटलेली होती आणि आत हायड्रॉलिक तेल मुरलेलं. बाहेरून मारलेली टिचकी आतल्या कातडीपर्यंत पोचतच नाही. उंचावरच्या विरळ हवेची नक्कल करताच ते सुटणं आणखी पसरत गेलं. मार्च 2006 मध्ये अमेरिकन तपाससंस्थेने तातडीची शिफारस केली: असे सगळे रडर पुन्हा तपासा, आणि या वेळी आतली बाजूही तपासता येईल अशा पद्धतीने.