खुर्ची पालकांची, वही कुणाची?

धाराशिव जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या कुठल्याही शाळेचं कपाट उघडलं, तर शाळा व्यवस्थापन समितीची इतिवृत्त वही हमखास सापडावी. पहिला विषय ठरलेला असतो: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. शेवटचाही ठरलेला असतो: मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. मधल्या पानांवर सूचक, अनुमोदक आणि 'सर्वानुमते मंजूर'. अक्षर बहुधा पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकाच हाताचं, म्हणजे मुख्याध्यापकांचं. खाली सह्या पालकांच्या, त्यातले काही अंगठे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला आणि समितीत किमान तीन चतुर्थांश जागा पालकांना, निम्म्या जागा स्त्रियांना मिळाल्या. महाराष्ट्रात अध्यक्षही पालकांमधूनच निवडायचा असतो, मुख्याध्यापक सदस्य-सचिव. म्हणजे मुलांसाठी चालणाऱ्या एका सरकारी संस्थेचं यजमानपद कागदोपत्री तरी पालकांकडे आलं. ते प्रत्यक्षात का आलं नाही, आणि जिथे आलं तिथे कशामुळे आलं, याचं उत्तर धाराशिवच्या गेल्या शंभर वर्षांत शोधता येतं. खुर्ची दिल्याने पालक पुढारी होत नाही. हातात काम आणि पैशाचा हिशेब आला, आणि तोही पालक गावात असतानाच्या महिन्यांत आला, की होतो.

निजामी अमदानीत या भागात शाळा हा राज्यकर्त्यांच्या दृष्टीने संशयाचा विषय होता. वरच्या शिक्षणाचं माध्यम उर्दू, आणि खासगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी. अशा दिवसांत हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा उभी राहिली. आज हे गाव लोहारा तालुक्यात आहे. व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांच्या पुढाकारातून ती निघाली आणि १९२९ मध्ये व्यंकटेश खेडगीकर, म्हणजे पुढचे स्वामी रामानंद तीर्थ, तिथे मुख्याध्यापक म्हणून आले. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात या शाळेचं नाव मानाने घेतलं जातं, ते योग्यच आहे. पण आपल्या प्रश्नापुरतं पाहिलं तर शाळा गावाच्या बळावर जगली आणि तिची दिशा ठरवली ती ध्येयवादी शिक्षकांनी आणि गावातल्या वजनदार घरांनी. साधा शेतकरी किंवा शेतमजूर पालक या चित्रात मूल पाठवणारा म्हणून आहे, फार तर आधार देणारा म्हणून. त्या काळाकडून यापेक्षा अधिक मागणं अन्यायाचं होईल, मात्र नमुना तिथेच पडला: पालक मदतीला, निर्णय जाणत्यांचा.

स्वातंत्र्यानंतर हा नमुना मोडला नाही, फक्त जाणते बदलले. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झालं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. गावाने जागा द्यायची, श्रमदान करायचं, वर्गणी काढायची. शिक्षकाची नेमणूक, बदली आणि खोलीची मंजुरी तालुक्याहून किंवा जिल्ह्याहून यायची. लोक 'झेडपीची शाळा' म्हणू लागले यात नवल नाही. अंगणवाडीचंही असंच झालं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला जी बालवाडी चालवली, ती वस्तीतल्या अंगणात गेली होती, आईच्या नजरेच्या टप्प्यात. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बाल विकास सेवा योजना आली, तेव्हा अंगण नावात राहिलं. आई मात्र पोषण आहार घेऊन जाणारी लाभार्थी झाली.

या घडीला पहिला मोठा धक्का बसला तो अक्षरशः जमिनीखालून. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी ही आपल्या जिल्ह्यातली गावं त्यात सापडली. मुलांच्या बाबतीत पहिला प्रतिसाद बाहेरून आला आणि तो मोठा होता: भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलं पुण्याला नेऊन त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. त्या वेळी हे करायलाच हवं होतं. पण गावात उरलेल्यांचं काय, हा प्रश्न वेगळा होता, आणि त्याचं उत्तर घरांच्या दुरुस्तीतून निघालं. जागतिक बँकेच्या मदतीने चाललेल्या पुनर्वसन कार्यक्रमात ५२ गावं नव्या जागी वसवायची होती. त्याहून कितीतरी अधिक, हजारावर गावांत पडझड झालेली घरं ज्याची त्याने सरकारी अनुदानातून दुरुस्त करायची होती. हप्ता कधी मिळतो, कोपऱ्याचे दगड कसे बांधायचे, इंजिनिअर तपासायला कधी येणार, हे घराघरांत सांगायला माणसं हवी होती. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने त्यासाठी गावोगावच्या महिला मंडळांतून 'संवाद सहायक' उभ्या केल्या. बहुतेक बायका फार शिकलेल्या नव्हत्या. पण त्यांच्या हातात ठोस काम होतं, त्या कामाला सरकारी मान्यता होती, आणि इंजिनिअरला त्यांच्याशी बोलल्यावाचून पुढे सरकता येत नव्हतं. घरं उभी राहिल्यावर त्यातले बरेच गट पांगले नाहीत. बचत, पाणी, आरोग्य केंद्र, शाळा अशा विषयांकडे वळले. तेव्हा 'शिक्षण नसलेले आईबाप संस्था काय चालवणार' हा आक्षेप निदान उमरगा-लोहाऱ्याच्या मातीत तरी टिकत नाही. ज्या बाईने हप्त्याचा हिशेब इंजिनिअरकडून समजून घेतला, तिला शाळेच्या अनुदानाचा हिशेब कळणार नाही असं मानण्याला काही आधार नाही.

योगायोग असा की याच सुमारास, १९९४ मध्ये, जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. पहिल्या टप्प्यातल्या महाराष्ट्राच्या पाच जिल्ह्यांत औरंगाबाद, लातूर, नांदेड, परभणी यांच्यासोबत उस्मानाबाद होता. निवडीचा एक निकषच असा की स्त्री-साक्षरता देशाच्या सरासरीपेक्षा कमी हवी. ग्राम शिक्षण समित्या झाल्या, माता-पालक संघ झाले, हळदीकुंकवाला जमणाऱ्या बायका शाळेच्या व्हरांड्यात जमू लागल्या. पण समितीच्या डोक्यावर सरपंच, आणि माता-पालक संघाचं काम मुलं नियमित पाठवा हे ऐकून घेण्याचं. पुढे सर्व शिक्षा अभियानात खोल्यांची बांधकामं कंत्राटदाराऐवजी समितीनेच करायची असं ठरलं. त्या काळातल्या मुख्याध्यापकांना विचारा, सिमेंटच्या गोण्या मोजण्यात त्यांचे किती दिवस गेले! तरी एक गोष्ट झाली. खोलीचा स्लॅब कधी पडला, किती लोखंड लागलं, हे पहिल्यांदा गावाला माहीत असू लागलं, आणि भांडणंही पहिल्यांदा खऱ्या विषयावर होऊ लागली.

पालकांच्या सहभागाविरुद्धचा सर्वात भक्कम पुरावा उत्तर प्रदेशातून येतो. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जौनपूर जिल्ह्यातल्या २८० गावांत पाहणी केली. पुष्कळ पालकांना ग्राम शिक्षण समिती आहे हेच ठाऊक नव्हतं. काही सदस्यांनाही आपण सदस्य असल्याचा पत्ता नव्हता. समितीचे अधिकार गावसभेत समजावून सांगितले, तरी शाळेत काही फरक पडला नाही. मात्र जिथे गावातल्याच तरुणांना मुलांना वाचायला शिकवण्याचं साधं तंत्र दिलं, तिथे स्वयंसेवक पुढे आले आणि त्यांच्या वर्गात आलेली मुलं वाचू लागली. सहभागाच्या टीकाकारांना यातून समिती हा खुळचट प्रकार आहे असं दिसतं. मला उलटं दिसतं. लोकांनी सभा नाकारली, काम नाकारलं नाही. अधिकारांची माहिती देऊन गप्प बसणं आणि करता येईल असं काम सोपवणं यांतला हा फरक आहे, आणि संवाद सहायकांच्या अनुभवाशी तो तंतोतंत जुळतो. अमेरिकेत १९६५ मध्ये गरीब मुलांसाठी 'हेड स्टार्ट' सुरू झालं, तिथेही पुढे धोरण मंडळात किमान निम्म्या जागा पालकांना दिल्या गेल्या त्या अंदाजपत्रक आणि नेमणुका यांत त्यांचा शब्द चालावा म्हणूनच.

दुसरा आक्षेप राजकारणाचा. अध्यक्षपदासाठी गावात दोन गट पडतात, सरपंचाचा माणूस बसतो, हे खरं आहे. पण ज्या पदासाठी कुणी भांडत नाही त्या पदात काही नसतं, हेही तितकंच खरं. तिसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो: सरकार आपली जबाबदारी पालकांच्या गळ्यात घालतं. रोजंदारी बुडवून सभेला आलेल्या बाईला कुणी काही देत नाही, आणि नेतृत्वाच्या नावाखाली तिच्याकडून फुकटची हमाली करून घेतली जाते. यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढंच म्हणता येईल की सभेचा रोज बुडीत भत्ता म्हणून देणं हे समितीच बंद करण्यापेक्षा स्वस्त आणि न्याय्य आहे.

या साऱ्याची खरी परीक्षा ऊसतोडीत होते. कळंब, वाशी, भूम, परंडा या तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवराबायको मिळून एक कोयता, आणि मूल मागे ठेवायला कुणी नसेल तर तेही गाडीत. कारखान्याच्या फडात कोप्या पडतात आणि शाळेच्या हजेरीपटावर त्या मुलापुढे रिकाम्या चौकटी वाढत जातात. यावर दोन उपाय झाले: जनार्थसारख्या संस्थांनी कारखान्यांवर चालवलेल्या साखरशाळा, आणि गावातच मूल ठेवणारी हंगामी वसतिगृहं. वसतिगृहाचं काम शाळा व्यवस्थापन समितीकडे दिलं गेलं. मूल रात्री आजीकडे किंवा चुलत्याकडे झोपणार, दोन्ही वेळचं जेवण गावातल्या बायका रांधणार, आणि खर्चाचा हिशेब समिती ठेवणार. कागदावर पाहिलं तर याहून चांगली व्यवस्था सुचणं अवघड आहे. मराठवाड्यात या वसतिगृहांच्या बोगस पटाच्या तक्रारीही झाल्या, आणि त्यांचं कारण व्यवस्थेच्या पोटातच आहे: ज्यांची मुलं जेवतात ते आईबाप हिशेब पाहायला गावात नसतात.

विकास आराखड्याचंही तेच. केंद्राच्या नियमांनुसार शाळेचा आराखडा आर्थिक वर्ष संपण्याच्या तीन महिने आधी समितीने तयार करायचा असतो. म्हणजे डिसेंबर. त्या महिन्यात ज्या पालकाला शाळेची सर्वाधिक गरज आहे, तो सांगली-कोल्हापूरच्या किंवा कर्नाटकातल्या फडात असतो. समितीत दुर्बल घटकांना त्यांच्या मुलांच्या प्रमाणात जागा द्या असं कायदा सांगतो, आणि वेळापत्रक ती जागा सहा महिने रिकामी ठेवतं. बाल न्याय कायद्याखालच्या बाल कल्याण समितीवर तर पालकाला जागाच नाही. तिथे अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, आणि आईबाप समोर उभे राहून उत्तरं देतात. त्या समितीचं काम न्यायदानाच्या जवळचं आहे, म्हणून तिला वेगळा नियम असणं समजू शकतं. शाळेला ती सबब नाही.

यासाठी नवा कायदा करायची गरज नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ मध्ये 'माता-पिता किंवा पालक' असे शब्द आहेत, म्हणजे आईबाप फडात असताना मूल सांभाळणारी आजी समितीवर हक्काने बसू शकते. तिचं नाव निवडीच्या वेळी पुढे करणं एवढंच मुख्याध्यापकांच्या हातात आहे. शाळा जूनमध्ये उघडते आणि टोळ्या दसऱ्यानंतर हलतात. मधल्या महिन्यांत समितीची निवड, आराखडा, हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव आणि स्वयंपाकिणींची नेमणूक उरकली, आणि पाडव्यानंतर परतलेल्या आईबापांसमोर सहा महिन्यांचा हिशेब वाचला, तर वहीतल्या सह्यांना अर्थ येईल. जिल्हा परिषदेने एक परिपत्रक काढावं आणि ऊसतोडीच्या गावांतल्या समित्यांचं वेळापत्रक येत्या हंगामापूर्वीच बदलावं.