श्रवणकक्षेची घरगुती तपासणी

माणसाला ऐकू येणाऱ्या सर्वांत नीच आणि सर्वांत उच्च कंप्रतेच्या दरम्यानच्या पट्ट्याला श्रवणकक्षा म्हणतात. निरोगी तरुण कानासाठी ती साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झ धरली जाते. त्याखालचे ध्वनी अवश्राव्य, तर त्यावरचे श्राव्यातीत होत. संगणक किंवा मोबाइल आणि चांगले हेडफोन हाताशी असल्यास स्वतःच्या श्रवणकक्षेचा अंदाज घरीच घेता येतो.

शरीरक्रिया : आंतरकर्णात शंखासारखी वळलेली, सुमारे अडीच वेढ्यांची नळी असते. तिच्यातील लांबट पटल मुखाशी अरुंद व ताठ, तर टोकाशी रुंद व सैल असते. त्यामुळे उच्च कंप्रतेच्या ध्वनीने मुखाजवळचा आणि नीच कंप्रतेच्या ध्वनीने टोकाकडचा भाग अधिक कंप पावतो. या क्रियेच्या उलगड्यासाठी गेओर्ग फोन बेकेशी यांना १९६१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पटलावरील केशपेशी कंपनांचे विद्युत् संदेशांत रूपांतर करतात. माणसात या पेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत. वयानुसार मुखाजवळच्या पेशी आधी झिजतात, म्हणून कक्षेची वरची मर्यादा हळूहळू खाली येते. लहान मुलांना २०,००० हर्ट्झच्या आसपासचा सूरही ऐकू येऊ शकतो. मध्यमवयात बहुतेकांची मर्यादा १५,००० हर्ट्झच्या खाली गेलेली असते.

पूर्वपीठिका : वरची मर्यादा शोधण्यासाठी फ्रान्सिस गॉल्टन यांनी एकोणिसाव्या शतकात अतिउच्च सुराची, कमीजास्त करता येणारी शिट्टी तयार केली. भारतातील जुन्या, काचेच्या नळीच्या दूरचित्रवाणी संचांमधून १५,६२५ हर्ट्झची बारीक शीळ येत असे. सेकंदाला २५ चित्रे आणि प्रत्येक चित्रात ६२५ रेषा, यांचा तो गुणाकार होय. घरातील मुलांना ती स्पष्ट ऐकू येई, आजीआजोबांना सहसा येत नसे.

तयारी : पंखा, वातानुकूलक बंद करून शांत खोलीत बसावे. तारेचे, दोन्ही कान झाकणारे हेडफोन वापरावेत. मोबाइलचे छोटे स्पीकर नीच सूर जवळजवळ काढतच नाहीत, तर बिनतारी जोडणीत आणि एमपीथ्रीसारख्या संक्षेपित फायलींमध्ये अतिउच्च सूर गाळले जाण्याचा संभव असतो. म्हणून असंक्षेपित वेव्ह फाइल किंवा सूर निर्माण करणारे अ‍ॅप घ्यावे. सीडीच्या दर्जाचे, सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचे ध्वनिमुद्रण तत्त्वतः २२,०५० हर्ट्झपर्यंतचे सूर सामावू शकते. तपासणीला तेवढे पुरते.

कृती : प्रथम १,००० हर्ट्झचा सूर लावून आवाज सहज ऐकू येईल इतकाच ठेवावा आणि पुढे तो बदलू नये. एका वेळी एकच कान तपासावा. ८,००० हर्ट्झपासून हजार-हजारने वर जावे आणि सूर नाहीसा होतो ती कंप्रता नोंदवावी. मग २०,००० हर्ट्झपासून खाली येत सूर प्रथम कुठे ऐकू येतो ते पाहावे. दोन्ही नोंदींच्या दरम्यान वरची मर्यादा असते. खालच्या मर्यादेसाठी १०० हर्ट्झपासून खाली उतरावे. सूर केव्हा सुरू आणि केव्हा बंद, हे दुसऱ्या व्यक्तीने न सांगता ठरवल्यास भास टळतो.

ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवत नेणे धोक्याचे आहे. ध्वनी जाणवत नसला तरी त्याचा दाब कानावर पडतच असतो.

फसवे निष्कर्ष : सूर सुरू वा बंद होताना येणारा ‘टक’ आवाज म्हणजे सूर नव्हे. कंप्रता वाढवत असताना सूर उलट उतरल्यासारखा वाटला, तर तो उपकरणाचा दोष समजावा. २० हर्ट्झ ‘ऐकू आला’ असे वाटते तेव्हा पुष्कळदा हेडफोनमधील विकृतीमुळे उमटलेले ४० किंवा ६० हर्ट्झचे उपस्वर ऐकू येत असतात.

मर्यादा : घरगुती उपकरणे प्रमाणित नसल्यामुळे किती डेसिबलचा ध्वनी ऐकू आला हे त्यांवरून ठरवता येत नाही. शिवाय वरची मर्यादा हा श्रवणाच्या आरोग्याचा मुख्य निकष नाही. बोलणे समजण्यासाठी ५०० ते ४,००० हर्ट्झचा पट्टा सर्वांत महत्त्वाचा असतो, आणि स, श यांसारखे वर्ण ओळखण्यासाठी त्याच्या वरचा थोडा भाग. १२,००० हर्ट्झ ऐकू न येणारी व्यक्ती संभाषण उत्तम करू शकते. याउलट कारखान्यातील यंत्रे, फटाके किंवा ढोल-ताशे यांच्या सततच्या गोंगाटाने होणारी हानी बहुधा ३,००० ते ६,००० हर्ट्झच्या दरम्यान आधी दिसते. केवळ टोकाची मर्यादा शोधणाऱ्या चाचणीत ती निसटते.

वैद्यकीय तपासणी : ऑडिओलॉजिस्ट ध्वनिरोधक कक्षात सामान्यतः २५० ते ८,००० हर्ट्झदरम्यानच्या प्रत्येक ठरावीक कंप्रतेला ऐकू येणारा किमान ध्वनी मोजून आलेख काढतात. दोन कानांत ठळक फरक आढळणे, गर्दीत बोलणे न समजणे, कानात सतत गुणगुण होणे, चक्कर किंवा कानातून स्राव येणे, ही लक्षणे असल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाल्यास घरी चाचण्या करत वेळ घालवू नये. अशा वेळी उपचार पहिल्या काही दिवसांतच सुरू होणे आवश्यक असते.