काचेवर मराठी, प्लास्टिकवर इंग्रजी

तुमच्या टॅबला कीबोर्डवालं कव्हर असेल तर आत्ता एक करून बघा. डोळे मिटा आणि दोन्ही तर्जन्या मधल्या ओळीवरून फिरवा. दोन बटणांवर बारीक उंचवटा लागेल. डावीकडचं बटण एफ, उजवीकडचं जे. न बघता टाइप करणाऱ्यानं बोटं कुठं टेकवायची याची ती खूण. आता गंमत अशी, की टाइपरायटरच्या जमान्यापासून चालत आलेल्या, कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये वापरल्या जाणाऱ्या रेमिंग्टन मांडणीत एफवर पहिली वेलांटी आहे आणि जेवर र. भारत सरकारनं कॉम्प्युटरसाठी वेगळी ठरवलेली इनस्क्रिप्ट मांडणी घ्या. तिथंही एफवर पहिली वेलांटी, जेवर र. एरवी या दोन मांडण्यांचं एकमेकींशी फारसं जुळत नाही. पण तुमच्या कव्हरवर यातलं काहीच छापलेलं नसतं.

ते का नसतं, याची गोष्ट दीडशे वर्षांची आहे आणि तिचा बराचसा भाग नागपूर-वर्ध्याच्या आसपास घडलेला आहे.

अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातल्या ख्रिस्तोफर शोल्स यांनी १८६८ मध्ये टाइपरायटरचं पेटंट घेतलं. १८७४ मध्ये रेमिंग्टन कंपनीनं ते यंत्र बाजारात आणलं. ही कंपनी तोवर बंदुका आणि शिलाई मशिनं करत होती. इंग्रजीची २६ अक्षरं, आकडे आणि विरामचिन्हं एवढं चाळीसएक बटणांत बसत होतं. १८७८ च्या मॉडेलमध्ये शिफ्टचं बटण आलं आणि एका बटणावर दोन चिन्हं मावू लागली. म्हणजे झाली साधारण नव्वद. इंग्रजीला ती भरपूर होती.

आपल्या लिपीचा हिशेब मात्र इथं कोलमडतो. देवनागरी छापणाऱ्या छापखान्यात जोडाक्षरं, रफार, अर्धी अक्षरं, मात्रांसकट अक्षरं असे शेकडो खिळे लागत. ते नव्वद चिन्हांत कोंबायचे कसे? दोनच वाटा होत्या. यंत्र बदला, नाहीतर लिपी बदला. यंत्र बाहेरून येत होतं, त्यामुळे लोकांनी लिपीकडं मोर्चा वळवला.

सावरकरांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेच्या काळात ‘अ’ची बाराखडी पुढं आणली. इ, ई, उ ही वेगळी चिन्हं नकोत, अ लाच वेलांटी आणि उकार द्यायचे: अि, अी, अु. ‘किर्लोस्कर’ मासिकानं अशी लिपी वापरूनही पाहिली. गांधीजी १९३४ मध्ये वर्ध्याला आले आणि नागपूरपासून जेमतेम ७५ किलोमीटरवरच्या या गावात राष्ट्रभाषेचं मोठं काम उभं राहिलं. तिथं काका कालेलकरांनी लिपीसुधारणेचा विषय लावून धरला. राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या जुन्या पुस्तकांत आजही ते अि-अु सापडतात. रद्दीत एखादं मिळालं तर छपाईची चूक समजू नका. पलीकडं पवनारला विनोबांनी त्यांची लोकनागरी लिपी काढली. १९४८ मध्ये हिंदुस्थानी लघुलिपी आणि टाइपरायटर यांचं प्रमाणीकरण करण्यासाठी समिती नेमली गेली. तिचे अध्यक्षही कालेलकरच.

ही सगळी मोठी माणसं होती आणि त्यांच्यापुढची अडचण खरी होती. तरी मला त्या अि-अुकडं बघून वाईटच वाटतं. यंत्रासाठी अक्षरांचे हातपाय कापायची तयारी चालली होती. लोकांनी ते मानलं नाही. शाळेतली मुलं इ-ईच गिरवत राहिली.

मग टाइपरायटरनं मधली वाट काढली. ‘ख’चं बटणच ठेवायचं नाही. अर्धा ख् द्यायचा, त्यापुढं काना मारायचा. वरच्या-खालच्या मात्रेचं बटण दाबलं तरी गाडा पुढं सरकायचा नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडं येते, म्हणून ती आधी मारायची आणि अक्षर नंतर. बोलताना ‘क’ आधी, टाइप करताना वेलांटी आधी. ‘मराठी’ हा शब्द या मांडणीत इंग्रजी बटणांवर ई, जे, के, शिफ्ट-बी, एच असा येतो. यात काही तर्क शोधू नका, तो नाही. पाठ करायचं आणि बोटांना सांगायचं.

नागपुरात हे पाठ करण्याला पुढं फार किंमत आली. १९३६ मध्ये इथं हायकोर्ट झालं, पण तिथला कारभार इंग्रजीत. १९५० मध्ये तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारनं राजभाषा कायदा केला आणि हिंदी व मराठी या दोन्ही भाषांना राजभाषा केलं. म्हणजे एका राजधानीत दोन भाषा, दोघींची लिपी एकच, पण मराठीला ळ हवा, ‘दुसऱ्या’मधला तो वाकडा अर्धा र हवा, हिंदीचं त्यावाचून अडत नाही. १९५६ मध्ये नागपूरची राजधानी गेली आणि विदर्भ मुंबई राज्यात आला. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, १९६४ मध्ये मराठीचा राजभाषा अधिनियम आला. दरम्यान १९५५ मध्ये गोदरेजनं भारतीय बनावटीचा टाइपरायटर आणला होता. मराठी टायपिंग ही आता नोकरीची अट झाली. मिनिटाला ३० शब्द, जमलं तर ४०. महाल-बर्डीतल्या माड्यांवर टायपिंग इन्स्टिट्यूटच्या पाट्या लागल्या. तुमच्या घरात एखादी आत्या किंवा काका असतील ज्यांनी बारावीनंतरच्या सुट्टीत ‘टायपिंग काढलं’ असेल. विचारा त्यांना, बोटांना अजून आठवत असतं.

कॉम्प्युटर आला तेव्हा हा गुंता सुटायला हवा होता, आणि कागदावर तो सुटलाही. आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांसाठी जिस्ट तंत्रज्ञान तयार झालं, ते पुढं पुण्याच्या सी-डॅकनं वाढवलं. १९८६ मध्ये सरकारनं इनस्क्रिप्ट मांडणी प्रमाण ठरवली. ती करणाऱ्यांनी टाइपरायटर विसरून थेट बाराखडीपासून सुरुवात केली होती. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. क आणि ख एकाच बटणावर, ग-घ एका, त-थ एका. बोलाल त्या क्रमानं मारा: आधी क, मग वेलांटी. अर्धी अक्षरं वेगळी नाहीतच. क, पाय मोडण्याचं चिन्ह, ष असं मारलं की क्ष तयार. जोडायचं काम यंत्राचं. लिपी न कापता ती नव्वद चिन्हांत बसवणं अखेर जमलं होतं. वर्ध्यात वीस-तीस वर्षं ज्याच्यावर डोकी झिजली तो प्रश्न एका साध्या तक्त्यात मिटला. माझ्या मते हे आपल्याकडच्या तंत्रज्ञानातलं सगळ्यात कमी कौतुक झालेलं काम आहे.

कौतुक न होण्याचं कारणही सरळ आहे. ज्यांना टायपिंग येत होतं त्यांची बोटं रेमिंग्टनमध्ये तयार झाली होती. ज्यांना येत नव्हतं ते बराहासारख्या सॉफ्टवेअरवर आणि नंतर गुगलच्या सोयीनं रोमनमध्ये ‘मराठी’ टाकून देवनागरी मिळवू लागले. इनस्क्रिप्ट प्रत्येक विंडोजमध्ये फुकट बसलेली असूनही तिच्याकडं कुणी फारसं फिरकलं नाही.

आता टॅबकडं येऊ. टॅबची कल्पना पहिल्यांदा नीट मांडली ती झेरॉक्सच्या प्रयोगशाळेतल्या ॲलन के यांनी, १९७२ मध्ये. मुलांसाठी वहीएवढा कॉम्प्युटर, नाव डायनाबुक. चित्रात त्याला खाली बटणांचा कीबोर्ड आहे. पण त्याच लेखात त्यांनी आणखी एक शक्यता लिहून ठेवली: सगळा पृष्ठभागच पडदा केला तर हवा तसला कीबोर्ड हवा तिथं दाखवता येईल. त्यांच्या डोक्यात मराठी नव्हती. पण देवनागरीला शंभर वर्षं जे हवं होतं ते नेमकं हेच होतं. काचेवरची अक्षरं बदलता येतात.

२०१० मध्ये आयपॅड आला. ५ ऑक्टोबर २०११ ला दिल्लीत कपिल सिब्बल यांनी विद्यार्थ्यांसाठी ‘आकाश’ हा स्वस्त टॅब आणला. स्मार्टफोन तर पाठोपाठ घराघरांत पोचले. टायपिंगची परीक्षा कधीही न दिलेली माणसं पडद्यावर अ आ इ ई बघून मराठी लिहू लागली. आयआयटी मुंबईनं ‘स्वरचक्र’ काढलं: क वर बोट ठेवलं की त्याभोवती का, कि, की, कु यांचं चाक उघडतं, बोट हव्या त्या बाजूला सरकवायचं. असला कीबोर्ड लोखंडात किंवा प्लास्टिकमध्ये होणंच शक्य नाही.

आणि नेमकं तेव्हाच कव्हरमधून प्लास्टिक परत आलं. त्यात नवल काही नाही. ॲपलनं पहिल्या आयपॅडबरोबरच कीबोर्डचा स्टँड विकायला काढला होता. काचेवर चार ओळींचा मेसेज होतो, चार पानांचा निबंध होत नाही. बोटाला बटण लागत नाही, अर्धा पडदा कीबोर्डच खातो, मनगट अवघडतं. मायक्रोसॉफ्टनं २०१२ मध्ये सरफेस आणला तो कव्हरमध्येच कीबोर्ड घालून. आपल्याकडं सात इंची टॅबसाठी रेक्झिनची कव्हरं आली, आत छोटा कीबोर्ड आणि चार्जिंगच्या भोकात घालायची आखूड वायर. मग ब्लूटूथवाली आली. महागड्या टॅबना कडेला धातूचे ठिपके असतात. कव्हर टेकवलं की वीज आणि माहिती दोन्ही तिथूनच जातात, वेगळं चार्जिंग नको.

बर्डीत मोदीच्या गल्ल्यांमध्ये असं कव्हर घ्यायला गेलात आणि मराठी अक्षरांचं मागितलंत तर साधारण असं उत्तर मिळेल: “मराठी तं आतून येते नं भाऊ, छापून नाही येत.”

त्याचं बरोबर आहे, आणि किती बरोबर आहे ते त्यालाही माहीत नसेल. कीबोर्ड टॅबला अक्षर पाठवतच नाही. तो फक्त बटणाचा क्रमांक पाठवतो. जे दाबलं की ‘जे’ जात नाही, ‘अमुक जागेवरचं बटण दाबलं’ एवढंच जातं. त्याचा जे करायचा, र करायचा की ज, हे टॅबमधली मांडणी ठरवते. बटणावरची इंग्रजी ही निव्वळ शाई आहे.

पण ती शाई भारी पडते. कारण अँड्रॉइड टॅबला कीबोर्ड जोडला की पडद्यावरचा कीबोर्ड सहसा आपोआप गायब होतो, आणि त्याच्याबरोबर त्यावरची मराठी. समोर उरतात ए-बी-सी-डी. स्वरचक्र निरुपयोगी. मग माणूस ‘मी उद्या येतो’ रोमनमध्ये लिहितो किंवा सरळ इंग्रजीत घुसतो. फोनवर मराठीत लिहिणारी मुलं टॅबला कीबोर्ड लागला की मराठी सोडतात. लांब काही लिहायचं साधन हातात येतं तेव्हाच असं होतं, आणि त्याचं कारण भाषेचा न्यूनगंड वगैरे नसून सेटिंगमधलं एक न उघडलेलं पान असतं.

ते पान असं सापडतं. कीबोर्ड जोडलेला असताना सेटिंगमध्ये ‘फिजिकल कीबोर्ड’ शोधा. तिथं मराठी मांडणी असेल तर निवडा; काही टॅबमध्ये ती नसते, तिथं वेगळं ॲप घालावं लागतं. पडद्यावरचा कीबोर्ड चालू ठेवायचा पर्यायही तिथंच असतो. आयपॅडवर सेटिंगमधून देवनागरी मांडणी घेता येते, आणि कंट्रोल-स्पेस दाबून भाषा बदलते. विंडोजवर विंडोज-स्पेस. अक्षरं दिसायला हवीत तर देवनागरीचे स्टिकर मिळतात.

कव्हर विकत घेताना मात्र उजवी बाजू बघा. हे दुकानात कुणी सांगत नाही. इनस्क्रिप्टमध्ये इंग्रजीच्या विरामचिन्हांच्या जागी आपली नेहमीची अक्षरं आहेत: अर्धविरामाच्या बटणावर च, त्याशेजारच्या अवतरणचिन्हावर ट, चौकोनी कंसावर ड, तिरप्या रेघेवर य. छोट्या कव्हरांमध्ये जागा वाचवायला याच बटणांचा बळी देतात. ती अर्धी करतात, नाहीतर दुसऱ्या बटणाबरोबर दाबायला लावतात. इंग्रजी लिहिणाऱ्याचा एखादा स्वल्पविराम अडखळतो. मराठी लिहिणाऱ्याचा ‘चाय’सुद्धा अडतो. दहा इंची कव्हरात ही अडचण बरीच कमी होते.

नागपुरात या सगळ्याला आणखी एक धार आहे. इतर मागासवर्ग, भटक्या विमुक्त जाती-जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी काम करणारी महाज्योती ही संस्था, म्हणजे महात्मा ज्योतिबा फुले संशोधन व प्रशिक्षण संस्था, इथलीच. जेईई, नीट, सीईटीची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना ती मोफत टॅब आणि दिवसाला ६ जीबी डेटा देते. गावाकडच्या कितीतरी घरांतला तो पहिला कॉम्प्युटर. तो येतो व्हिडिओ बघायला आणि प्रश्न सोडवायला. पण त्याच घरात नीट हुकली तर लिपिकाची जाहिरात बघितली जाते, आणि तिथं अट तीच जुनी: मराठी ३० शब्द. आता परीक्षा कॉम्प्युटरवर होते, जी.सी.सी.-टी.बी.सी. नावानं, आणि त्यासाठी पुन्हा इन्स्टिट्यूटची फी, तालुक्याला जायचं भाडं.

हातातल्या टॅबला एक कीबोर्ड जोडला तर सराव घरीच होऊ शकतो. ॲप फुकट, मांडणी फुकट, वेळ आपला. फक्त सुरू करायच्या आधी, ज्या परीक्षेला बसायचं आहे तिथं रेमिंग्टन चालते की इनस्क्रिप्ट, ते जाहिरातीतून आणि केंद्रावर विचारून घ्या. दोन महिने एका मांडणीत बोटं बसवून परीक्षेला दुसरी समोर आली, तर ओळखीचं काय उरेल? एफवरची वेलांटी आणि जेवरचा र. आणि ती वेलांटीसुद्धा एकीत अक्षराच्या आधी मारायची असते, दुसरीत नंतर.