अमुनच्या देवळातली गाणारी



खूप दिवस काही लिहिलं नव्हतं. ऑफिसात एका मागोमाग एक रिलीज चालू होते, त्यामुळे नुसतं वाचत होतो. पण मागच्या महिन्यात एक विषय डोक्यात शिरला, तो काही केल्या जाईना. म्हणून हा प्रपंच. मी इतिहासाचा अभ्यासक नाही, साधा इंजिनियर आहे, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

इजिप्तच्या 'राजांच्या दरी'बद्दल आपण सगळ्यांनी शाळेत असताना वाचलेलं असतं. नाईलच्या पश्चिमेला, आजच्या लक्सर गावापलीकडे, उजाड डोंगरातली ही दरी. तिथे थडग्यांना नंबर देण्याची पद्धत विल्किन्सन नावाच्या इंग्रजाने १८२७ मध्ये सुरू केली, तेव्हा त्याने एकवीस थडग्यांवर आकडे घातले. हॉवर्ड कार्टरला १९२२ च्या नोव्हेंबरात तुतानखामेन सापडला, त्याचा नंबर बासष्ट. नंतर चौऱ्याऐंशी वर्षं सामसूम. २००६ मध्ये त्रेसष्टावं जाहीर झालं, सगळे धावले, सात शवपेट्या निघाल्या आणि ममी एकही नाही! आत ममी बनवण्याचं उरलंसुरलं सामान. म्हणजे १९२२ नंतर या दरीतल्या नव्या थडग्यात कोणी 'माणूस' असा सापडलाच नव्हता.

तो सापडला चौसष्टाव्यात. राजा नव्हे, राणी नव्हे. देवळात गाणारी एक बाई. नाव नेहमेस-बास्तेत.

शोधाची गोष्टही मजेशीर आहे. स्वित्झर्लंडच्या बाझल विद्यापीठाचा गट २००९ पासून दरीच्या एका बाजूच्या फाट्यात काम करत होता. प्रमुख दोघी जणी, सुझान बिकेल आणि एलिना पॉलिन-ग्रोथे. त्यांना राजांच्या भव्य थडग्यांत रस नव्हता. आजूबाजूला साध्या, नक्षीकाम नसलेल्या खड्ड्यासारख्या कबरी होत्या, ज्यांच्याकडे आधीच्या लोकांनी फारसं लक्ष दिलं नव्हतं, त्यांची नीट नोंद करायची हे काम. आपल्या भाषेत सांगायचं तर डॉक्युमेंटेशन. कोणालाच करायला आवडत नाही असं काम! चाळीस नंबरच्या थडग्याभोवती साफसफाई करताना त्यांना एका दगडी विहिरीची कड दिसली. तारीख २५ जानेवारी २०११.

ही तारीख ओळखीची वाटते ना? त्याच दिवशी कैरोच्या तहरीर चौकात लोक रस्त्यावर उतरले. तीन दिवसांनी कैरोच्या म्युझियममध्ये लोक घुसले, वस्तूंची मोडतोड झाली. अशा वेळी नवं थडगं उघडणं म्हणजे चोरांना आमंत्रण. या बायकांनी काय केलं, तर तोंडावर लोखंडी दार बसवलं, वरून मुरूम टाकून झाकलं, त्याला 'चाळीस-ब' असं तात्पुरतं नाव दिलं आणि अख्खं वर्षभर गप्प राहिल्या. मला याचं फार कौतुक वाटतं. आपल्याकडे प्रोजेक्ट अर्धा झाला की मॅनेजरला ईमेल जाते. इथे तुतानखामेननंतरची मोठी बातमी कदाचित पायाखाली आहे, आणि तोंडातून ब्र नाही.

पुढच्या हंगामात, जानेवारी २०१२ मध्ये, खणायला घेतलं. विहीर साधारण साडेतीन मीटर खोल. तळाशी खोलीचं तोंड दगडांनी बंद केलेलं, त्यात एक फट. फटीतून छोटा कॅमेरा आत सरकवून फोटो काढला, आणि पडद्यावर काळी शवपेटी दिसली. चार मीटर लांब, सव्वादोन मीटर रुंद खोली. आपल्या मुंबईच्या वन-रूम-किचनमधली रूमसुद्धा याहून मोठी असते. पेटीवर पिवळ्या रंगात चित्रलिपी, बाजूला भिंतीला टेकवून ठेवलेला एक रंगवलेला लाकडी फलक. फलकावर ती स्वतः सूर्यदेवासमोर उभी राहून प्रार्थना करते आहे. सोनं नाही, रथ नाही, सिंहासन नाही. एवढंच सामान.

पेटीचं लाकूड सिकॅमोरचं. इथे अमेरिकेत रस्त्याच्या कडेला सालं निघालेला सिकॅमोर असतो, तो नव्हे. इजिप्तचा सिकॅमोर म्हणजे आपल्या उंबराचा सख्खा भाऊ, खोडाला लगडलेली फळं आणि सगळं. आपल्याकडे उंबराखाली दत्त, त्यांच्याकडे हाथोर देवीचं एक नावच 'सिकॅमोरची स्वामिनी'. हे वाचलं तेव्हा उगीचच बरं वाटलं.

आता ही बाई कोण? लेखानुसार ती 'अमुनची गायिका', आणि नख्तेफमुत नावाच्या कर्नाकच्या पुजाऱ्याची मुलगी. बापाची पदवी होती 'स्वर्गाची दारं उघडणारा'. ऐकायला भव्य, पण अर्थ तसा रोजच्या कामाचा: गाभाऱ्यातल्या देव्हाऱ्याची दारं सकाळी उघडायची त्याची पाळी. त्या देवळात पुजाऱ्यांचे चार गट असत आणि महिन्या-महिन्याने आळीपाळीने सेवा. आपल्या देवळांतल्या गुरवांच्या पाळ्या आठवा, नेमकं तेच.

इथे आपल्या डोक्यात लगेच 'देवदासी' हा शब्द येतो. माझ्याही आला. सुरुवातीच्या काही युरोपियन विद्वानांनीही अशा बायकांना देवाचा 'जनानखाना' ठरवून टाकलं होतं. पण ते चूक. या गायिका बऱ्याच वेळा चांगल्या खात्यापित्या घरातल्या, पुजाऱ्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या लेकी-सुना, बऱ्याच जणी लग्न झालेल्या. पूजेच्या वेळी आणि उत्सवात स्तोत्रं म्हणायची, आणि हातात सिस्ट्रम नावाचा धातूचा खुळखुळा वाजवायचा. हा खुळखुळा म्हणजे देवाला प्रसन्न ठेवणारा आवाज. गळ्यातली मण्यांची जड माळ काढून तीही वाजवत. बापाने दार उघडायचं, लेकीने गायचं.

तिचा काळ बाविसाव्या राजघराण्याचा, म्हणजे इसवी सनपूर्व ९४५ ते ७१२ च्या दरम्यान. तोवर या दरीची शान संपली होती. शेवटचे रामसेस गेले ते इसवी सनपूर्व १०७० च्या आसपास, त्यानंतर इथे राजे पुरणं बंद झालं. सत्ता उत्तरेला गेली, आणि थडगी इतकी लुटली गेली की पुजाऱ्यांनी राजांच्या ममी उचलून एका गुप्त जागी एकत्र लपवल्या. रामसेस दुसरा वगैरे मंडळी १८८१ मध्ये तिथेच सापडली. मग रिकाम्या झालेल्या जुन्या कबरींत पुजाऱ्यांच्या घरातले लोक आपली माणसं ठेवू लागले.

चौसष्ट नंबरही तसाच. मुळात ती कबर अठराव्या घराण्याच्या काळातली, म्हणजे नेहमेस-बास्तेतच्या आधी सुमारे ५०० वर्षं. ती लुटली गेली, मूळ माणसाची ममी फाडली गेली, वरून जवळपास मीटरभर माती-दगड साचले. तिच्या माणसांनी ती माती उपसलीसुद्धा नाही. थोडी सारखी केली आणि त्यावर पेटी ठेवून दार बंद केलं. खाली कोण आहे याची त्यांना कल्पना असेल का, असेल तर काय वाटलं असेल, मला सांगता येत नाही. शेजारच्या चाळीस नंबरमध्ये २०१४ मध्ये किमान पन्नास माणसांचे अवशेष जाहीर झाले, त्यात चक्क राजकन्या होत्या. म्हणजे राजकन्यांच्या शेजारी आणि कुणा बड्या माणसाच्या डोक्यावर ही पुजाऱ्याची लेक २९०० वर्षं निवांत झोपली. गंमत अशी की चोर सोन्याच्या मागे गेले, आणि जिच्याजवळ सोनं नव्हतं तीच वाचली.

हे सगळं आत्ता का आठवलं? मी नेपरव्हिलला राहतो. मागच्या महिन्यात एका रविवारी बाहेर मरणाची थंडी, म्हणून सौ. आणि कन्येला घेऊन शिकागो विद्यापीठाच्या म्युझियममध्ये गेलो. पूर्वी त्याला ओरिएंटल इन्स्टिट्यूट म्हणायचे, २०२३ मध्ये नाव बदललं. तिथे मेरेसामुन आहे. हीदेखील अमुनच्या देवळातलीच गायिका, इसवी सनपूर्व ८०० च्या आसपासची. ब्रेस्टेड नावाच्या प्राध्यापकाने १९२० मध्ये इजिप्तमध्ये तिची पेटी विकत घेतली. ती पेटी आजवर कधी उघडलेली नाही. २००८ मध्ये सीटी स्कॅन केलं, त्यावरून कळलं की ती तिशीच्या आसपास गेली.

तिशीच्या आसपास. मी स्वतः छत्तीसचा. काचेसमोर जरा गप्पच झालो.

कन्येने विचारलं, "बाबा, ती कुठलं गाणं म्हणायची?" मी म्हटलं, देवाचं. "चाल कशी होती?" आता याचं उत्तर जगात कोणाकडेच नाही. इजिप्तच्या लोकांनी भिंतीच्या भिंती लिहून भरल्या, स्तोत्रांचे शब्द आहेत, वाद्यं आहेत, वाजवणाऱ्यांची चित्रं आहेत. पण सूर लिहून ठेवण्याची त्या काळची पद्धत काही सापडलेली नाही. म्हणजे नेहमेस-बास्तेतच्या नावापुढे जे काम लिहिलंय, नेमकं तेच गेलं. उरलं काय, तर तिचं नाव आणि बापाचं नाव.

आणि त्यांच्या दृष्टीने तेच महत्त्वाचं होतं. जोवर कोणी नाव घेतंय तोवर माणूस संपत नाही, अशी त्यांची श्रद्धा. त्यांच्या थडग्यांवर येणाऱ्या-जाणाऱ्याला उद्देशून विनंती कोरलेली असते: बाबा रे, थांब, माझं नाव घे, भाकरी आणि बियर मला मिळो असं म्हण, तुझा फक्त श्वास खर्च होणार आहे.

घरी येताना गाडीत मला आमच्या घरचा पितृपक्ष आठवला. बाबा तर्पण करताना बापाचं, आजोबांचं, पणजोबांचं नाव घेतात, मग आईचं, आजीचं, पणजीचं. मी इथे ते काही करत नाही, खोटं कशाला बोलू. पण गाडी चालवता चालवता लक्षात आलं की मला माझ्या पणजीचं नाव माहीत नाही. रात्री पुण्याला फोन लावला, तिकडे सकाळ होती.

"बाबा, पणजीचं नाव काय हो?"

"रमाबाई."

"हे सासरचं असेल ना? माहेरचं?"

बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाले, "ते कधी कोणी विचारलंच नाही रे. आत्याला माहीत असतं, पण ती गेली." आणि जरा थांबून, "ओव्या फार छान म्हणायची, एवढं आठवतं."

पुजाऱ्याच्या लेकीचं जन्माचं नाव २९०० वर्षांनंतर मला माहीत आहे. माझ्या पणजीचं, जी शंभर वर्षांपूर्वी वाईत जात्यावर बसून गायची, तिचं नाव लग्नाच्या दिवशी तांदळात लिहून बदललं आणि जुनं पुसलं गेलं. ते आता कुठल्याच दरीत खणून मिळणार नाही.

मंडळी, माझं काम तर राहिलंच. तुमचं अजून राहिलं नसेल तर या वीकएंडला एक फोन करा. आजीचं, पणजीचं, माहेरचं नाव विचारा आणि कुठेतरी लिहून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे. आणि शिकागोकडे कधी आलात तर मेरेसामुनला भेटून या. तिच्यासमोर उभं राहून नाव मोठ्याने घ्या. शेजारचे लोक बघतील, बघू देत.